न घसरणारी गाडी

खात्यात इतकी वर्षं काढल्यावर बरेचसे गुन्हे डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. कोणत्या चोरीतला माल कुठे सापडला, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. एका सकाळची घटना मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. त्यात ना दरोडा होता ना खून, तरी मी निवृत्तीनंतर सर्वांत जास्त विचार त्याच प्रकरणाचा केला.

नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. नवी मुंबईत खाडीकाठच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. हद्द मोठी, माणसं अपुरी, जीप एकच आणि तीही धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारी. एका बाजूला नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, दुसऱ्या बाजूला जुनी गावं होती, आणि मधून कोरे करकरीत रस्ते गेले होते. त्यांवर अजून म्हणावी तशी वाहतूक नव्हती. रिकाम्या रस्त्याचा ज्यानं त्यानं आपापला उपयोग शोधला होता. पोरं क्रिकेट खेळत, मोटार ट्रेनिंगवाले शिकाऊ लोकांना आणत आणि पैसेवाले गाड्या पळवायला येत.

अशाच एका पैसेवाल्याची ही गोष्ट. पावणे गावाजवळच्या औद्योगिक पट्ट्यात त्याचा रसायनांचा कारखाना होता. माणूस मराठी, शिकलेला, कामगारांत 'शेठ' म्हणून ओळखला जाणारा. त्यानं परदेशातून एक आलिशान सेडान आणवली होती. त्या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळायची. आपल्याकडे तेव्हा ही सोय जीपगाड्यांत असे, तीही सगळ्या नाही. सार्वजनिक गणपतीच्या बैठकीत शेठनं मला एकदा सुनावलं होतं, "साहेब, तुमच्या जीपला जे जमतं ना, ते माझी गाडी सूट-बूट घालून करते. चिखल असो, पाऊस असो, स्लिप होणारच नाही." ऐकायला मजा वाटली होती. आमच्या जीपला काय काय जमत नाही, ते मी त्याला सांगितलं नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना फोन आला की उरणच्या बाजूला जाणाऱ्या नव्या रस्त्यावर, एका जुन्या गावाजवळच्या वळणावर मोटारीला अपघात झालाय. मी पोचलो तेव्हा ती सेडान रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर नाक आपटून उभी होती. शेठची पत्नी शेजारच्या सीटवर होती. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. गावकऱ्यांनी तिला टेम्पोत घालून आधीच दवाखान्यात नेलं होतं. शेठ कपाळाला रुमाल दाबून रस्त्याच्या कडेला बसला होता आणि एकच वाक्य बोलत होता, "ब्रेक लागलाच नाही हो. हँडल फिरवलं तर गाडी सरळच गेली."

पंचनामा केला. रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. वळणावरचं डांबर मात्र झाडून, पाणी मारून स्वच्छ केलेलं दिसत होतं. मी गावातल्या बायकांना जरा रागावून विचारलं, कारण पंचनाम्याआधी जागेला हात लावायचा नसतो. एक जण म्हणाली, "काचा व्हत्या सायेब. पोरांच्या पायान जातील म्हनून झारला." बोलणं पटण्यासारखं होतं. हवेत मासळीचा वास होता, पण त्या पट्ट्यात तो बारा महिने असतो. तिथे नेमणुकीला आलेला माणूस महिन्याभरात तो वास घ्यायचं विसरतो.

दुसऱ्या दिवशी खबर आली ती शेठच्या बंगल्याच्या वॉचमनकडून. शेठकडे एक ड्रायव्हर होता. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला, घणसोली गावठाणात भाड्याच्या खोलीत बायकोसोबत राहणारा. बहिणीच्या लग्नाला त्यानं रजा मागितली, शेठनं दिली नाही, तो तरी गेला. परत आला तेव्हा नोकरी गेली होती. त्यानं फाटकात उभं राहून आवाज चढवला होता, "बघतोच माझ्याशिवाय किती दिस चालती तुमची गाडी!" एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तो गणवेश परत करायला बंगल्यावर आला होता, आणि गाडीच्या पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बराच वेळ काहीतरी करत होता. वॉचमननं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेठनं रीतसर फिर्याद दिली. ब्रेकशी छेडछाड करून जिवे मारण्याचा प्रयत्न, असा गुन्हा दाखल झाला. आम्ही ड्रायव्हरला त्याच्या खोलीवरून उचललं. कोर्टानं पोलीस कोठडी दिली. गुन्हा शाबित झाला असता तर त्या माणसाची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची आणि ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून राहायची. ती कधी रडली नाही, कोणाच्या पाया पडली नाही. आत डबा गेला की नाही, एवढंच हवालदाराला विचारायची.

चौकशी मी स्वतः केली. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा अगदी मोजकं बोलत होता.

"चाकाशी काय करत होतास?"

"पुसत होतो साहेब."

"नोकरी गेलेली, पगार बंद झालेला, आणि तू चाक पुसत होतास?"

"रोज पुसायचो. चाकाची वाटी धुळीनं भरली होती. बघवलं नाही मला."

असल्या उत्तरावर कोणता पोलीस विश्वास ठेवील? माझा दुय्यम अधिकारी तर हसलाच. पण हा माणूस गाडीबद्दल बोलताना त्याचा चेहरा बदलायचा, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी त्याला एक वाट दाखवून पाहिली. "हे बघ, कदाचित गाडी नुसती घसरली असेल. वळण आहे, वेग असेल. तुला काय वाटतं?"

तो ताठ बसला. "नाही साहेब. ती गाडी घसरत नसती."

"अरे, गाडी आहे. कोणतीही गाडी घसरते."

"बाकीच्या घसरत असतील. ही चारी चाकांनी वढती. मी चालवलीय ना. पावसाळा काढलाय तिच्यावर. गाडी घसरली असं मी खोटं कसं सांगू?"

"मग ब्रेक कोणीतरी बिघडवले म्हणायचे."

"तसंच असंल. पर मी न्हाई."

बाहेर आल्यावर दुय्यम म्हणाला, "साहेब, हा स्वतःच्या हातानं फास आवळतोय. याला टेन्शनच नाही." मला ते टोचत राहिलं. सुटायची फट समोर दिसत असताना आरोपी ती स्वतः बुजवत होता. असं अट्टल गुन्हेगार करत नाही, आणि निरपराध माणूसही सहसा करत नाही.

परिवहन खात्याच्या मोटार वाहन निरीक्षकाला गाडी तपासायला बोलावलं. तरुण इंजिनिअर होता, कामाला चोख. त्यानं गाडीखाली बराच वेळ घालवला आणि सांगितलं की पुढच्या एका चाकाचा ब्रेकचा पाइप तुटलाय, मात्र तो धडकेत तुटला की आधी कोणी तोडला, हे खात्रीनं सांगता येणार नाही. म्हणजे आम्ही होतो तिथेच राहिलो. कोठडीची मुदत संपत आली होती आणि वरून दोषारोपपत्राची विचारणा सुरू झाली होती.

गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात उभी केली होती. एका दुपारी आवारात मांजरांचा कालवा ऐकू आला. ठाण्यात दोन-तीन मांजरं कायमची असतात. कॅन्टीनमुळे त्यांचं बरं चालतं. पण त्या दिवशी गावातली सगळी मांजरं जमल्यासारखी दिसत होती आणि ती सगळी त्या आलिशान गाडीच्या पुढच्या चाकाभोवती होती. शिपाई काठी आपटून त्यांना हाकलत होता. "दोन दिवस झाले साहेब, हटतच नाहीत. शेठच्या गाडीत काय बिर्याणी ठेवलीय कोण जाणे."

मी वाकून चाकावरच्या मडगार्डच्या आतून हात फिरवला. काहीतरी खरखरीत थर हाताला लागला. नखानं खरवडून बाहेर काढला आणि वास घेतला. मी रत्नागिरीकडचा. तो वास ओळखायला मला कोणाची मदत लागली नाही. तो जवळा होता, आमच्याकडे वांग्यात घालतात तो, बोटाच्या पेराहून लहान कोलंबीसारखा. सुकलेला जवळा हलका असतो, वाऱ्यानं उडतो, पत्र्याला असा लिंपल्यासारखा चिकटत नाही. हा ओला असताना चाकानं वर उडवलेला होता आणि तिथेच वाळला होता. तुटलेल्या पाइपातून गळालेल्या तेलाच्या वासात हा वास दबला होता आणि आमचा इंजिनिअर ब्रेकच बघत राहिला होता, ते साहजिकच होतं.

ओला जवळा रस्त्यावर कुठून आला, हे विचारायला मी गावात गेलो. सोबत फक्त एक महिला शिपाई घेतली. देवळाच्या पारावर पाच-सहा माणसं होती, पलीकडे बायका. मी विषय काढला. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "रस्त्यावं आमी जवला कनाला टाकू सायेब? रस्ता सरकारचा हाय." उत्तर फारच सरळ होतं. पोलिसाला एवढं कायद्याला धरून उत्तर गावात सहसा मिळत नाही.

मी दमदाटी केली नाही. जे होतं ते सांगितलं. म्हणालो, "त्या गाडीचा ड्रायव्हर कोठडीत आहे. ब्रेक तोडून शेठला मारायला निघाला होता, असा त्याच्यावर आरोप आहे. त्याची बायको रोज डबा घेऊन येते. तुम्हाला काही माहीत नसेल तर मी जातो." आणि खरंच उठलो.

मी पारावरून उतरलो तशी बायकांतून एक म्हातारी पुढे आली. काष्टा घातलेली, हात मिठाच्या पाण्यानं फाटलेले. तिला मी अपघाताच्या दिवशीही पाहिलं होतं. शेठच्या पत्नीचं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती, असं तेव्हा लोकांनी सांगितलं होतं.

"माजा जवला व्हता, सायेब."

मागून कोणीतरी तिला "गप बस, आये" म्हणालं. ती गप्प बसली नाही.

"सकालचा ताजा आनलेला, वलाच पसरला व्हता. डांबर झ्याक तापतं, दुपारपावत कडक व्हतो. गारीवाला जोरान आला न् सरल गेला. ती बाय माज्या मांडीवं वरडत व्हती. मंग लोकं बोलली, जवला दिसला तं पोलीस आपल्यालाच नेतील. म्हनून झारून टाकला न् पानी मारला."

"आजी, रस्त्यावर कशाला पसरलात? अपघात होईल, एवढं कळलं नाही?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की प्रश्न विचारल्याचं मलाच अवघड वाटलं. "तिथं माज्या सासऱ्याचा खला व्हता. भात तिथंच झोरायचो, जवला तिथंच सुकवायचो. मी लगीन होऊन आली तवापासून. खल्यावं रस्ता आला, तं जवला न्यायचा कुठं?" मग तिनंच विचारलं, "तो पोर सुटंल ना?"

मी तिचा जबाब नोंदवला. पण नुसत्या जबाबावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा उडत नाही. शेठला बोलावून हे सांगितलं, आणि मी विचारूनही ड्रायव्हर गाडी घसरल्याचं मानत नाही हेही सांगितलं, तेव्हा तो उसळला. "काय चेष्टा करता साहेब? कोलंबीच्या पोरांवरून माझी गाडी घसरणार? चार चाकं ओढतात तिची! ब्रेक गेला होता, मी सांगतोय ना." त्याच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली होती. तो रात्रंदिवस तिच्या उशाशी बसत होता, दाढी वाढली होती. गाडी स्वतः चालवत होता तोच. दोष बाहेर कोणाचा तरी निघाला नाही तर तो कोणाचा ठरेल, हे त्यालाही कळत असणार. मला त्याची कीव आली, पण कीव करून तपास होत नाही.

मी वाहन निरीक्षकाला पुन्हा बोलावलं. त्यानं युक्ती सुचवली. शेजारच्या ठाण्याकडे चारही चाकं चालणारी जीप होती, ती मागवली. ठाण्यामागच्या भरावाच्या मातीवर टँकरनं पाणी मारून चिखल केला. शेठ आला. ड्रायव्हरलाही बेड्या घालून, शिपायासोबत बाहेर आणलं. त्याच्या समोर व्हावं असं मला वाटत होतं.

निरीक्षकानं आधी फक्त मागची चाकं चालू ठेवून जीप चिखलातून काढायचा प्रयत्न केला. मागची चाकं जागीच गरगरली. मग दांडा ओढून चारही चाकांना ताकद दिली. जीप शांतपणे वर आली. शेठ माझ्याकडे वळून म्हणाला, "हेच तर मी सांगतोय!" ड्रायव्हरनंही मान डोलावली. गाडीच्या बाबतीत दोघांचं एकमत होतं.

"आता थांबवून दाखवतो," निरीक्षक म्हणाला. एका दगडाशी पोचताच ब्रेक दाबायचा, असं ठरलं. पहिल्यांदा मागच्या दोन चाकांवर चालवून दाबला, जीप दगड सोडून बरीच पुढे घसरली. दुसऱ्यांदा चारही चाकांवर, तेवढ्याच वेगात. जीप तेवढीच घसरली. तिसऱ्यांदा वळवायचा प्रयत्न केला, तर ती नाक सरळ ठेवून कुंपणाकडे निघाली. शिपायांनी बाजूला उड्या मारल्या.

निरीक्षक चिखल झटकत खाली उतरला. "शेठ, इंजिन ढकलत असतं तेव्हाच चार चाकांचा फायदा. निघताना, चढताना. थांबवायला ब्रेक, आणि ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात. वळायला टायरची पकड लागते, ती रस्ता देतो. रस्त्यानं दिली नाही तर तुमची गाडी आणि टॅक्सी सारखीच. खरं तर तुमची जास्त धोक्याची. टॅक्सीची चाकं निसरड्यावर निघताना जागीच गरगरतात, माणूस सावध होतो. तुमच्या गाडीची गरगरत नाहीत, म्हणून तुम्हाला निसरडं कळतच नाही. वेग वाढतो." मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ब्रेक दाबलात तेव्हा पेडल भुसकन खाली गेलं का?"

शेठ जरा घुटमळला. "नाही. उलट... पायाला वर ढकलत होतं. थरथरत होतं. म्हणून तर वाटलं, काहीतरी बिघडवलंय."

"चाकं जाम होऊ नयेत म्हणून तुमच्या गाडीत एक यंत्रणा आहे, ती चालू झाली की पेडल थरथरतं. टायरच्या खुणाही उमटत नाहीत. पाइप आधी तुटला असता तर पाय तळाला टेकला असता. ब्रेक शाबूत होता, शेठ."

 शेठनं एकदा त्या चिखलाकडे पाहिलं, मग बेड्यांतल्या ड्रायव्हरकडे. त्याचा आवाज चढला तो रागापेक्षा दुःखानंच असावा.

"अरे, मग तू तरी म्हणायचंस ना, घसरली असेल म्हणून! साहेबांनी विचारलं होतं ना तुला? सुटला असतास की!"

ड्रायव्हर गोंधळला. चूक झाल्यासारखा खाली बघत म्हणाला, "तुमीच सांगितलं होतं ना शेठ. पयल्या दिवशी. मी इचारलं, निसरड्यावर कशी चालवायची हिला. तुमी म्हणले, भिऊ नको, ही घसरत नसती. मग मी कसा म्हणू, घसरली म्हणून?"

शेठ तिथेच जीपच्या पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडला. मी शिपायाला खूण केली आणि बेड्या काढायला लावल्या.

पुढचं कागदोपत्री काम नेहमीसारखं झालं. पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला, ड्रायव्हर सुटला. शेठवर हयगयीनं गाडी चालवल्याचा आणि म्हातारीवर रस्त्यात अडथळा केल्याचा खटला झाला. दोघांनीही गुन्हा कबूल केला. तारखेला शेठची पत्नी कुबडी घेऊन आली होती. कोर्टाच्या बाकावर ती म्हाताऱ्या आजीशेजारी जाऊन बसली आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. शेठनं ड्रायव्हरला परत बोलावलं होतं. तो गेला नाही. वाशीच्या बाजारात टेम्पो चालवू लागला, असं नंतर कळलं.

माणूस स्वतःच्या विरुद्ध काही बोलला तर ते खरंच असणार, असं आम्ही पोलीस धरून चालतो. कायद्याचाही कल तसाच आहे. स्वतःचं नुकसान करून घ्यायला कोण खोटं बोलेल? त्या ड्रायव्हरनं मला दाखवून दिलं की माणूस खोटं न बोलताही स्वतःच्या विरुद्ध चुकीचं सांगू शकतो, कारण ज्याच्यावर त्याचा भरवसा असतो त्यानं ते त्याला सांगितलेलं असतं. आणि तो भरवसा मोडण्यापेक्षा कोठडीत बसणं त्याला सोपं वाटतं. त्याची आठवण झाली की मला अजून वाईट वाटतं, आणि त्या साधेपणाचा थोडा रागही येतो.

त्यानंतर नोकरी होती तोवर मी प्रत्येक चौकशीत एक प्रश्न जास्तीचा विचारत आलो. एखादा गरीब माणूस काही छातीठोकपणे सांगू लागला की मी त्याला थांबवायचो आणि विचारायचो, "हे तुला कोणी सांगितलं?" तो ज्याच्याकडे बोट दाखवायचा, तो माणूस बहुतेक वेळा माझ्यासमोर फिर्यादीच्या खुर्चीत बसलेला असायचा.